लक्झेंबर्गमध्ये नोकरीला आलात. आता जोडीदार कसा शोधायचा?

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला लक्झेंबर्ग शहराच्या मुख्य स्टेशनवर जाऊन उभे राहा. फ्रान्समधल्या तिओंव्हिल-मेत्सकडे जाणारी गाडी भरलेली, बेल्जियममधल्या आर्लोंची भरलेली, जर्मनीतल्या ट्रिअरची भरलेली. तासाभराने किर्शबेर्गवरच्या, म्हणजे बँका आणि युरोपीय संस्थांच्या भागातल्या, काचेच्या इमारतींमधले रस्ते सुनसान होतात. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जे शहर तरुण माणसांनी फुललेलं दिसतं, त्यातली बरीच माणसं रात्री या देशात नसतातच.

देशाची लोकसंख्या सुमारे ६ लाख ८० हजार. त्याशिवाय सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून रोज कामाला येतात आणि परत जातात. त्यांना इथे ‘फ्रोंतालिए’ म्हणतात. राहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे परदेशी, आणि राजधानीत तर दहातले सात. त्यांतलेही कित्येक जण दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेले असतात. म्हणजे ऑफिसात, कँटीनमध्ये आणि मोबाइलवर जेवढी माणसं दिसतात, त्यांतली टिकून राहणारी फार थोडी. या देशात जोडीदार शोधणाऱ्याने एक गोष्ट धरून चालावं: जी माणसं इथे राहतात आणि पुढेही राहणार आहेत, त्यांच्या नजरेला आपण वारंवार पडलं पाहिजे. बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

आधी कॅलेंडर बघा

या देशाच्या माणसांची ये-जा ठरलेल्या महिन्यांत होते. युरोपियन कमिशन आणि युरोपीय संसदेतले प्रशिक्षणार्थी, ज्यांना सगळे ‘स्टाजिएर’ म्हणतात, पाच-पाच महिन्यांच्या तुकड्यांत येतात: एक तुकडी मार्चमध्ये, दुसरी ऑक्टोबरमध्ये. जूनच्या शेवटी एखाद्या स्टाजिएरशी छान जुळलं, तर बहुधा हातात चार आठवडे असतात. ऑडिट कंपन्यांमधली नवी भरती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते आणि जानेवारी ते एप्रिल हीच माणसं कामात गळ्यापर्यंत बुडालेली असतात. त्या काळात तीन वेळा भेट पुढे ढकलली गेली, तर लगेच नकार समजू नका. मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा परत विचारा. ऑगस्टमध्ये शहर रिकामं होतं. ऑगस्टच्या उत्तरार्धात ग्लासीच्या मैदानावर शूबरफूअरची जत्रा लागते, १३४० साली सुरू झालेली, आणि तिच्याबरोबर लोक परतायला लागतात.

म्हणून नव्याने सुरुवात करायची तर सप्टेंबरचा मध्य पकडा. क्लबांची नोंदणी, भाषेचे वर्ग, नाचाचे वर्ग सगळे त्याच वेळी सुरू होतात आणि सगळेच नवखे असतात. नोव्हेंबरमध्ये गेलात तर गट जमलेले असतात आणि तुम्ही मध्येच शिरलेले ठरता. तरीही जावं, पण ओळख व्हायला दुप्पट वेळ लागेल हे गृहीत धरावं.

तुमची स्वतःची तारीखही स्पष्ट हवी. राहण्याचा परवाना कधी संपतो, नोकरीचा करार कायमचा आहे की मुदतीचा, मुदत संपल्यावर राहायची इच्छा आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःपाशी तयार ठेवा, कारण दुसऱ्या भेटीपर्यंत समोरचा माणूस ‘इथे किती दिवस आहेस?’ असं विचारतोच. तो प्रश्न या देशात अजिबात आगाऊ मानत नाहीत. उलट, तुम्हीही तो विचारावा. ‘माहीत नाही, बघू’ हे उत्तर ऐकून इथली कित्येक माणसं मनातल्या मनात एक पाऊल मागे घेतात. दोन-चार जवळची माणसं देश सोडून गेल्याचा अनुभव बहुतेकांच्या गाठीशी असतो.

ॲपची मांडणी: किलोमीटर आणि भाषा

टिंडर, बंबल, हिंज ही ॲप इथे चालतात, पण आपोआप येणारी अंतराची मर्यादा या देशाला लागू पडत नाही. राजधानीतून सरळ रेषेत मोजलं तर देशातलंच एश-स्यूर-आल्झेत, ज्याला नुसतं एशही म्हणतात, १६ किलोमीटरवर, बेल्जियमचं आर्लों २४ वर, एटेलब्रुक २६ वर, फ्रान्सचं तिओंव्हिल २८ वर आणि जर्मनीचं ट्रिअर सुमारे ४० वर आहे. ५० किलोमीटर ठेवलंत की चार देशांची माणसं एकत्र येतात आणि लक्झेंबर्गमध्ये राहणारी त्यात हरवतात.

सुरुवातीला २० किलोमीटर ठेवा. दोन-तीन आठवड्यांत तेच चेहरे फिरून यायला लागतात. छोट्या देशात हे होणारच. तसं झालं की अंतर वाढवायच्या आधी भाषांचा विचार करा. प्रोफाइल फक्त इंग्रजीत असेल तर ते प्रामुख्याने इतर परदेशी लोकांपर्यंत पोहोचतं. दोन ओळी फ्रेंचमध्ये आणि एक ओळ लक्झेंबर्गिशमध्ये लिहिली की चित्र बदलतं. ‘एश लेअरे लेत्सेबुअर्गेश’, म्हणजे ‘मी लक्झेंबर्गिश शिकतोय’ किंवा ‘शिकतेय’, एवढी एक ओळ तुमचा इथे राहायचा इरादा सांगते. मात्र ती खरी असली पाहिजे. पहिल्या भेटीत त्याच भाषेत प्रश्न येईल.

मजकुरात तीन गोष्टी असाव्यात: तुम्ही कुठल्या भागात राहता, म्हणजे बोनव्वा, गास्पेरिश, बेल्व्हाल असा ढोबळ उल्लेख, आठवड्यातली एक ठरलेली गोष्ट, उदाहरणार्थ ‘मंगळवारी क्लाइंबिंग, रविवारी म्युलरथालमध्ये पायी फिरणं’, आणि काय शोधताय ते सरळ शब्दांत. कंपनीचं नाव, ऑफिसचा फोटो, गळ्यातलं ओळखपत्र यांतलं काहीही नको. फंड आणि बँकिंगच्या क्षेत्रात इथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि तुमचं प्रोफाइल तुमच्या वरिष्ठांना दिसण्याची शक्यता मोठ्या शहरापेक्षा कितीतरी जास्त आहे. ते दिसलं तर लाज वाटेल असं त्यात काही नसावं, एवढी एक कसोटी पुरते.

खातं बंद करून पुन्हा नवं उघडू नका. मोठ्या शहरात ही युक्ती खपते. इथे तीच माणसं महिन्यात तिसऱ्यांदा तुम्हाला ‘नवीन’ म्हणून पाहतात.

मेसेजची देवाणघेवाण लांबवू नका. सहा-आठ मेसेज झाले की दिवस, वेळ आणि जागा सांगून भेट सुचवा. फसवणूक ओळखायचीही हीच सोपी पद्धत आहे. देशाच्या एका टोकापासून दुसरं टोक ८२ किलोमीटर, आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून देशांतर्गत बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे मोफत. मी लक्झेंबर्गमध्ये राहतो म्हणणारा माणूस दोन आठवड्यांत अर्धा तासही भेटू शकत नसेल, आणि त्याच काळात पैशांचा, गुंतवणुकीचा किंवा खासगी फोटोंचा विषय निघत असेल, तर तिथेच थांबा, मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांकडे जा.

खरं काम होतं ते क्लबात

कुठलाही छंद घ्या, या देशात त्याची नोंदणीकृत संस्था सापडते. ‘आएसबेएल’ म्हणजे ना-नफा संघटना हा इथल्या सामाजिक जीवनाचा कणा आहे. गावागावांत गायनवृंद, वाद्यवृंद, टेबल टेनिस, बास्केटबॉल, स्वयंसेवी अग्निशमन, स्काउट, नाटक. तुमच्या कम्यूनच्या म्हणजे नगरपालिकेच्या संकेतस्थळावर स्थानिक संघटनांची यादी सहसा असते. देशात अशा १०० कम्यून आहेत. आपल्या कम्यूनचीच यादी आधी बघावी, कारण घराजवळ भेटलेला माणूस बसस्टॉपवर आणि दुकानातही परत भेटतो.

कुठला क्लब घ्यायचा? दर आठवड्याला ठरलेल्या वारी भरणारा. दर वेळी बहुतांश तीच माणसं येणारा. जिथे दोघांनी मिळून काहीतरी करावं लागतं असा. आणि संपल्यावर लोक अर्धा तास तरी रेंगाळतात असा. जिममध्ये यातलं काहीच होत नाही. मॅरेथॉनच्या तयारीचा धावण्याचा गट बरा. गायनवृंद उत्तम: शेजारच्या माणसाबरोबर सूर जुळवावा लागतो, मधल्या सुट्टीत गप्पा होतात आणि वर्षातून दोन-तीनदा कार्यक्रमाची सगळ्यांची मिळून धांदल असते. क्लाइंबिंगमध्ये दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागतोच. दोघांच्या जोडीने नाचायच्या वर्गात बहुधा दर गाण्याला जोडीदार बदलतो, त्यामुळे एका संध्याकाळी दहा जणांशी दोन-दोन मिनिटं बोलणं होतं, तेही कुणावर डोळा ठेवल्यासारखं न दिसता.

निवड केलीत की निदान बारा आठवडे सलग जा. पहिल्या तीन आठवड्यांत लोक नाव विसरतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कुणीतरी ‘गेल्या वेळी आला नाहीस?’ असं विचारतं. दहाव्याच्या आसपास घरच्या किंवा गावच्या एखाद्या कार्यक्रमाचं आमंत्रण येतं. ते आमंत्रण कधीही टाळू नका. इथे ओळखी क्लबात होतात पण जुळतात त्या कुणाच्या तरी अंगणातल्या ग्रिलपाशी, जिथे यजमानाची बहीण, भाऊ, कॉलेजचे मित्र आलेले असतात. ज्या माणसाशी तुमचं जमेल, तो त्या क्लबात नसून क्लबातल्या कुणाच्या तरी ओळखीचा असण्याचीच शक्यता जास्त.

बहुतेक जण चुकतात ते इथे: ते फक्त परदेशी लोकांच्या मेळाव्यांना जातात. गुरुवारी ऑफिसनंतर राजधानीच्या क्लॉझेन किंवा ग्रुंड भागातल्या बारमध्ये भरणाऱ्या मैफली छान असतात, पण दर महिन्याला चेहरे बदलतात आणि प्रत्येक वेळी ‘कुठून आलास, काय काम करतोस’ पासून सुरुवात होते. महिन्यातून एकदा जायला हरकत नाही. भारतीय मंडळींच्या दिवाळीलाही जरूर जावं, मनाला बळ मिळतं. पण सगळे वीकेंड तिथेच गेले तर शोध त्या काही घरांपुरताच राहतो, आणि तिथे एकाने नकार दिलेला दुसऱ्याला संध्याकाळपर्यंत कळतो.

स्वयंसेवेचा रस्ता अनेकांना सुचत नाही. दरवर्षी किर्शबेर्गच्या लक्झएक्स्पो प्रदर्शन केंद्रात भरणाऱ्या ‘फेस्टिव्हाल दे मिग्रास्यों’ या स्थलांतरितांच्या महोत्सवात स्टॉल लावायला, खुर्च्या उचलायला माणसं लागतात. दोन दिवस बरोबरीने राबलेली माणसं दोन महिने बारमध्ये भेटलेल्यांपेक्षा जवळ येतात.

भाषा: कुठली, किती आणि का

रोजच्या व्यवहाराला फ्रेंच, ऑफिसला इंग्रजी, आणि स्थानिक माणसाच्या घरात शिरायला लक्झेंबर्गिश. तिन्ही एकदम करू नका. फ्रेंच अजिबात येत नसेल तर आधी फ्रेंच. त्याशिवाय क्लबात सूचनाही कळत नाहीत. ती कामचलाऊ झाली की लक्झेंबर्गिश. राष्ट्रीय भाषा संस्थेत, म्हणजे आयएनएलएलमध्ये, आणि अनेक कम्यूनमध्ये वर्ग असतात. नोकरदारांना लक्झेंबर्गिश शिकण्यासाठी एकूण २०० तासांपर्यंत भाषा-रजा घेता येते. अटी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला विचारा. बोलायच्या सरावासाठी ‘श्प्रोखेकाफे’ नावाची भाषा-कट्ट्याची संध्याकाळ बऱ्याच ठिकाणी भरते, एकेका टेबलावर एकेक भाषा.

लक्झेंबर्गिश लोक तुटक वागतात अशी तक्रार सर्रास ऐकू येते. त्यामागचं कारण समजलं की मन कमी दुखावतं. देशाचं विद्यापीठ २००३ साली सुरू झालं. त्याआधी, आणि आजही मोठ्या प्रमाणात, इथली मुलं शिकायला ब्रुसेल्स, ट्रिअर, म्युनिक, स्त्रासबुर्गला जातात आणि तिथे लक्झेंबर्गच्याच विद्यार्थ्यांच्या मंडळात राहतात. शाळेतली मैत्री, मग परदेशातलं मंडळ, मग गावचा क्लब: तिशीपर्यंत त्यांचं वर्तुळ पूर्ण भरलेलं असतं. त्यात कुणी तुम्हाला नाकारत नसतं. जागाच दिसत नसते. ती करून देणारा एक माणूस आतून लागतो, आणि तो क्लबातच भेटतो.

तू-तुम्हीचा फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इथेही तो आहे: फ्रेंचमध्ये तु आणि वू, लक्झेंबर्गिशमध्ये दू आणि दीर. ॲपवर आणि क्लबात लगेच तूवर येतात. समोरच्याच्या आईवडिलांशी मात्र ते स्वतः सांगेपर्यंत आदरार्थीच बोला. भेटताना गालाला गाल लावायचे की नाही आणि किती वेळा, हे माणसागणिक बदलतं. समोरच्याला पुढाकार घेऊ द्या. नको असेल तर हसून हात पुढे करा आणि ‘मोयेन’, म्हणजे नमस्कार, म्हणा, कुणीही वाईट मानत नाही.

इथली एक जुनी रीत माहीत असावी. ईस्टरच्या तीन आठवडे आधीचा रविवार म्हणजे ब्रेत्सेलझोन्देग. पुरुष आवडत्या स्त्रीला साखरेचा थर दिलेलं गोड ब्रेत्सेल, म्हणजे गाठीच्या आकाराचं प्रेट्झेल, देतो. तिच्या मनात असेल तर ती ईस्टरला त्याला अंडं देते, आता बहुतेक चॉकलेटचं. लीप वर्षात उलटं: ब्रेत्सेल स्त्रीने द्यायचं. २०२८ साली पाळी स्त्रियांची. हल्ली हा बहुतांशी गमतीचा आणि घरगुती सण झालाय, पण नुकती ओळख झालेल्या माणसाला बेकरीतलं ब्रेत्सेल दिलंत तर अर्थ अचूक पोहोचतो आणि नकार द्यायलाही सोपं जातं. अंडं आलं नाही, विषय संपला.

पहिली भेट

तास-दीड तासाची, दिवसाउजेडी किंवा संध्याकाळी लवकर, आणि चालत. राजधानी यासाठीच बांधल्यासारखी आहे. फिशमार्केटपाशी भेटा, शेमँ द ला कोर्निश या कड्यावरच्या पायवाटेने खाली दरीकडे बघत चालत या, ग्रुंडमध्ये उतरा, आल्झेत नदीकाठी मेल्युसिनाची जांभळी मूर्ती बघा. लक्झेंबर्गचा संस्थापक काउंट सिगफ्रीडची ही जलपरी पत्नी शनिवारी एकटी राहायची. त्याने दारातून डोकावून पाहिलं आणि ती कायमची गेली, अशी दंतकथा. एकमेकांना किती मोकळीक हवी या विषयावर बोलायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. मग मन रमलं तर ग्रुंडमध्येच कॉफी, नाही रमलं तर साँ-एस्प्रीच्या पठारावर जाणारी मोफत लिफ्ट तिथेच आहे, दोन मिनिटांत वर आणि निरोप.

डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधारतं आणि पाऊस असतो, तेव्हा ‘मुदाम’ हे आधुनिक कलेचं संग्रहालय किंवा नाताळचा बाजार बरा. रेस्टॉरंट ठरवत असाल तर लक्षात ठेवा: स्वयंपाकघर दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतं, संध्याकाळी साधारण सात ते साडेनऊ चालतं, रविवार-सोमवार कित्येक ठिकाणं बंदच. जागा आधी राखून ठेवा. बिल अर्धं-अर्धं हे सुरक्षित उत्तर. ज्याने बोलावलं त्याने कॉफीचे पैसे दिले तरी कुणाला खटकत नाही. मोझेल खोऱ्यातली फेसाळ वाइन, क्रेमाँ, सगळीकडे पुढे येतो, पण ‘मी घेत नाही’ म्हटलं की लोक तिथेच सोडतात.

परतीची गाडी आधी बघा. ट्राम मध्यरात्रीच्या सुमाराला थांबते, शेवटच्या रेल्वेगाड्या त्याहून आधी. ‘गाडी चुकली’ म्हणून अनोळखी घरी राहायची वेळ स्वतःवर येऊ देऊ नका. कुठे, कुणाबरोबर आहात हे एका मित्राला कळवून ठेवा. तातडीचे क्रमांक: पोलीस ११३, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२.

नकार स्पष्ट आणि लेखी द्या: ‘भेटून बरं वाटलं, पण मला पुढे जावंसं वाटत नाही.’ न सांगता गायब होणं इथे फार महाग पडतं. तोच माणूस पुढच्या महिन्यात तुमच्या बसमध्ये, भाषेच्या वर्गात किंवा नव्या ग्राहकाच्या मीटिंगमध्ये भेटतो. आधीच्या जोडीदाराबद्दल वाईट बोलणंही तितकंच घातक. ऐकणारा त्याला ओळखत असण्याची शक्यता धरूनच बोलावं. ऑफिसातल्या माणसाशी जुळलं तर, आणि दोघांपैकी एक दुसऱ्याच्या कामावर देखरेख करत असेल तर, कंपनीच्या नियमांत ते कळवणं बंधनकारक आहे का हे पहिल्याच महिन्यात वाचा.

समलिंगी जोडीदार शोधणाऱ्यांसाठी कायद्याची बाजू पक्की आहे: १ जानेवारी २०१५ पासून विवाहाचा समान हक्क आहे, आणि त्याच वर्षी तत्कालीन पंतप्रधान झाविए बेटेल यांनी आपल्या जोडीदाराशी लग्न केलं. लक्झेंबर्ग प्राइड राजधानीत नव्हे, एशमध्ये जुलैत भरतो. वर्षभराच्या भेटीगाठींसाठी रोझा लेत्सेबुअर्ग ही जुनी संघटना आहे. वर्तुळ अजूनच छोटं असल्यामुळे इथे बरेच जण ट्रिअर, मेत्स, कलोनपर्यंत ओळखी ठेवतात.

माणूस सीमेपलीकडचा असेल तर

प्रेमाला अडचण नाही, कागदांना आहे. लक्झेंबर्गच्या परवान्यावर तुम्ही शेंगेन क्षेत्रात कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरू शकता, त्यामुळे तिओंव्हिलला शनिवार-रविवार राहणं सरळ आहे. जाताना पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही खिशात ठेवा. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली. मोफत प्रवास सीमेवर संपतो, तिथून पुढचं तिकीट आधी काढा.

तिकडे राहायला जायचा बेत मात्र घाईने करू नका. ‘भाडं निम्मं आहे, तिकडेच राहू’ ही कल्पना युरोपीय नागरिकाला सोपी आहे. भारतीय पासपोर्टवर ती फार वेगळी पडते: तुमचा परवाना लक्झेंबर्गमध्ये राहण्याशी बांधलेला आहे, फ्रान्समध्ये राहायला फ्रान्सचा परवाना हवा आणि तिथून इथे काम करायला इथली वेगळी परवानगी हवी. राहण्याची सलग वर्षंही तुटतात, आणि नागरिकत्वासाठी साधारण ५ वर्षांचं वास्तव्य मोजलं जातं. जोडीदाराने इकडे यावं हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो, भाडं जास्त असूनही.

एकत्र घर

भाड्यामुळे इथे जोडपी लवकर एकत्र राहायला लागतात, कधी तिसऱ्या महिन्यातच. आमचं मत स्पष्ट आहे: किमान एक हिवाळा वेगळ्या घरांतून काढा. एकत्र घर घेतल्यावर बिनसलं तर परवडणारी दुसरी खोली मिळायला महिने लागतात आणि तोवर दोघं एकाच छताखाली अडकतात.

घर घेतलंत तर करारावर दोघांचीही नावं हवीत. एकाच्याच नावावर असेल तर दुसऱ्याला मालक कधीही अनोळखी ठरवू शकतो. ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमांनुसार अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आणि एजंटचं शुल्क मालक-भाडेकरूंत निम्मं-निम्मं. अनामत कुणी किती भरली ते एका ईमेलमध्ये लिहून ठेवा. पत्ता बदलल्यावर ८ दिवसांत कम्यूनला कळवा. तिथून मिळणारा कुटुंबरचनेचा दाखला, ज्यात एका पत्त्यावर कोण-कोण राहतं ते लिहिलेलं असतं, दर वर्षी एकदा काढून जपा. उद्या नात्याचा पुरावा मागितला गेला तर शंभर फोटोंपेक्षा तो एक कागद जड ठरतो.

पॅक्स की लग्न

९ जुलै २००४ च्या कायद्याने आलेली नोंदणीकृत भागीदारी, म्हणजे पॅक्स, कम्यूनमध्ये जाहीर करायची असते. दोघंही सज्ञान, अविवाहित आणि लक्झेंबर्गमध्ये कायदेशीर राहणारे हवेत. शेवटची अट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: आर्लोंला राहणाऱ्या जोडीदाराबरोबर इथे पॅक्स होत नाही. कुटुंब-एकत्रीकरणाच्या परवान्यासाठी इथे पती-पत्नीबरोबर नोंदणीकृत भागीदारही धरला जातो. भारतात मात्र पॅक्सला नात्याचा कायदेशीर दर्जा नाही. पुढेमागे परत जायचा विचार असेल तर लग्नच करावं.

लग्न कम्यूनमध्ये, बुर्गमेस्तर म्हणजे महापौर किंवा त्यांच्या प्रतिनिधीसमोर. कायद्याने तेवढंच लग्न. मंत्र, सप्तपदी, चर्च जे काही असेल ते नागरी विवाहानंतर. आधी करायला इथे परवानगी नाही. लक्झेंबर्गच्या नागरिकाशी लग्न झालं आणि इथेच राहत असाल तर नागरिकत्वासाठी वर्षांची अट उरत नाही, पण लक्झेंबर्गिशची परीक्षा आणि देशाची ओळख करून देणारा अभ्यासक्रम चुकत नाही. त्या परीक्षेत युरोपच्या भाषा-पातळ्यांपैकी बोलण्याला ए२ आणि ऐकण्याला त्यावरची बी१ लागते. ऐकण्याची पातळी वरची आहे, हे बहुतेक जण तयारी संपत आल्यावर वाचतात.

ज्यांचा परवाना जोडीदारावर अवलंबून आहे त्यांनी हे आधीच जाणून घ्यावं: नातं तुटलं म्हणजे लगेच देश सोडावा लागतोच असं नाही. घरातल्या हिंसेसारख्या परिस्थितीसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. मारहाण झाली तर ११३. २००३ च्या कायद्याखाली सरकारी वकिलाच्या परवानगीने पोलीस मारणाऱ्याला १४ दिवसांसाठी घराबाहेर काढू शकतात. घर कुणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. परवान्याविषयीच्या सल्ल्यासाठी १९७९ पासून स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या आस्ती या संघटनेचा माहिती कक्ष आहे.

कागदपत्रांसाठी तीन-चार महिने हाताशी ठेवा. पहिलं काम, कम्यूनच्या विवाह-नोंद खिडकीवर जाऊन तुमच्या राष्ट्रीयत्वासाठीची छापील यादी मागणं. शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी दिलेली यादी वापरू नका. त्यात सहसा जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला, पासपोर्ट आणि राहण्याचा दाखला असतो. भारतीय जन्मदाखल्यावर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला शिक्का, लागतो; अर्ज मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीमार्फत जातो, त्यामुळे भारतातल्या कुणा विश्वासू माणसाला मूळ कागद द्यावा लागतो. परदेशी जन्मदाखला साधारणपणे सहा महिन्यांच्या आत काढलेला मागतात, म्हणून तो फार लवकर मागवून ठेवण्यात अर्थ नाही. अविवाहित असल्याच्या दाखल्यासाठी ब्रुसेल्सच्या भारतीय दूतावासाशी संपर्क करावा लागतो, लक्झेंबर्गचं काम तिथूनच चालतं. अनुवाद लागलाच तर इथल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच; आणि अपोस्टिल झाल्यावर, म्हणजे त्या शिक्क्याचाही अनुवाद त्यात येतो.

मराठी माणसांचं काम बहुतेकदा नावापाशी अडतं. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव; जन्मदाखल्यावर नुसतं पाळण्यातलं नाव, किंवा नावाची जागाच कोरी; शाळेच्या दाखल्यावर आडनाव पुढे. इथला अधिकारी ही तीन वेगळी माणसं धरतो. म्हणून तारीख ठरवायच्या आधी सगळे कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा. जिथे जुळत नाही तो जन्मदाखला महानगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून दुरुस्त करून घ्या, आणि तो दुरुस्त झाल्यावरच अपोस्टिलला पाठवा.